पावती क्रमांक एक



मागच्या महिन्यात एका रविवारी आमच्या वस्तीतल्या विहारात वंदना झाली आणि वंदनेनंतर बैठक बसली. बैठकीला पुरुष अकरा, स्त्रिया एकोणतीस. हा आकडा अंदाजाचा नाही. हजेरीच्या वहीत सह्या आणि अंगठे आहेत. त्या वहीचीच हकिकत आज आम्ही सांगणार आहोत. ही हकिकत आम्हाला भूषणावह नाही, तरीही सांगणार आहोत.

आमचे गाव खानदेशातले, तालुक्याचे. एके काळी जिनिंग-प्रेसिंगचा भोंगा वाजला की गाव जागे व्हायचे. आमचे वडीलही त्याच भोंग्यावर उठत आणि डोक्याला कापसाची भुरी घेऊन घरी येत. भोंगा बंद पडला त्याला आता पंचवीस वर्षे होऊन गेली. यंत्रे भंगारात गेली, छपराचे पत्रे गेले. कामगारांची चाळ मात्र जिथल्या तिथे राहिली. कर्ती माणसे कुणी सुरतेला, कुणी नाशिकला, कुणी पुण्याला गेली. मागे राहिल्या त्या बाया, म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे. बाया धुणीभांडी करतात, हंगामात निंदणीला, कापूस वेचायला जातात. पोरगा बारावी झाला की सिक्युरिटीचा गणवेश अंगावर चढवतो. अशा गावातली आमची वस्ती.

दिवाळीनंतर या चाळीतल्या बासष्ट घरांना नोटीस आली. जागा मोकळी करा, नाहीतर तुमच्या राहण्याचा काय पुरावा आहे तो पंधरा दिवसांत दाखवा! ज्या घरात आजी सून म्हणून आली, जिथे तिची नातवंडे जन्मली, तिथे राहण्याचा पुरावा!

बैठक बोलावली ती त्यासाठीच. आम्ही कारकुनी पेशाचे. सवयीप्रमाणे म्हणालो, "आधी नोटिशीला लेखी उत्तर देऊ. कागद गोळा करू."

एक तरुण उभा राहिला. कुरिअरचे काम करतो, पोरगा कष्टाळू आहे. म्हणाला, "काका, तुमचं आपलं नेहमीचंच. अर्ज, अर्ज, अर्ज! अर्जानं कधी काही झालंय का? बाबासाहेबांनी महाडला अर्ज केला होता का? सरळ तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. आपणही सरळ मोर्चा नेऊ."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्याचा राग खोटा नव्हता. आम्ही काही बोलणार तोच कोपऱ्यातून एक आजी म्हणाल्या, "मोर्चाला मी येते रे बाबा. माझे गुडघे गेले तरी येते. पण आधी मागच्या पैशांचं काय झालं ते सांगा."

विहारात एकदम शांतता झाली.

वाचकहो, मागचे पैसे म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. नऊ वर्षांपूर्वी याच चाळीच्या जागेसाठी आम्ही कमिटी केली होती. बासष्ट घरांतून घरटी शंभर रुपये जमवले, एकूण सहा हजार दोनशे. शिवाय घराघरांतून मूळ कागद गोळा केले. वकिलाकडे दोन-चार खेपा झाल्या, झेरॉक्स झाल्या, जिल्ह्याच्या गावी जाणे-येणे झाले. मग पावसाळा आला, मग निवडणूक आली, आणि काम मागे पडले. पावतीपुस्तक छापलेच नव्हते. खर्च चिठ्ठ्यांवर लिहिला होता. कुणीतरी विचारले, "पैसे गेले कुठे?" उत्तर नीट देता आले नाही. शब्दाने शब्द वाढला. त्या वर्षापासून आमच्या एवढ्याशा वस्तीत दोन मंडळे, दोन फलक आणि चौदा एप्रिलला दोन मिरवणुका!

त्या कमिटीचा खजिनदार कोण होता? आम्हीच होतो. या सदरातून दर आठवड्याला आपल्याला चार गोष्टी सांगणारे, बी.कॉम. पास झालेले, ऑफिसात दुसऱ्याच्या हिशेबातला चार आण्यांचा फरक शोधून काढणारे आम्ही. आम्ही पैसा खाल्ला नाही. पण पैसा खाल्ला नाही हे दाखवायला आमच्याजवळ कागदही नव्हता. गरिबाचे शंभर रुपये म्हणजे कुणाची तरी दिवसभराची निंदणी असते. तिचा हिशेब न देणे हाही अपराधच आहे.

आजींना आम्ही म्हणालो, "आजी, आठ दिवस द्या. हिशेब मांडतो." आणि त्या पोराला म्हणालो, "बाळा, तू महाडचे विचारलेस. तेही सांगतो. बस."

त्याला जे सांगितले ते आपल्यालाही सांगतो, कारण घराघरांतल्या पोरांना आपण अर्धेच महाड शिकवले आहे.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्याले आणि त्यांच्या मागे हजारो माणसे प्याली, हे आपल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहे. पण त्या ओंजळीच्या आधी काय काय घडले होते?

महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर हे सैन्यातून निवृत्त झालेले. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' हे पुस्तक लिहून धर्ममार्तंडांना जाहीर सवाल केले. सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली तेव्हा त्याविरुद्ध अर्ज लिहिला तो याच गोपाळबाबांनी. १८९५ साली महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तर शेजारी बसायला नको म्हणून उच्चवर्णीय सभासदांनी गिल्ला केला. १९०० साली गोपाळबाबा गेले. म्हणजे चवदार तळ्याच्या आधी पस्तीस-चाळीस वर्षे त्या भागात अर्ज लिहिले जात होते, सभा होत होत्या.

पुढे ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा सरकारी ताब्यातली तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा तो ठराव. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला, पण तळ्यावर जाण्याची कुणाची छाती होईना. तीन वर्षे तो ठराव दप्तरातच पडून राहिला. नुसता कागद म्हणजे हक्क नव्हे, हे आमच्या तरुण मित्राचे म्हणणे इथपर्यंत अगदी बरोबर आहे.

पण त्या तीन वर्षांत माणसे गप्प बसली नव्हती. महाडजवळच्याच लाडवली गावचे रामचंद्र बाबाजी मोरे, म्हणजे कॉम्रेड आर. बी. मोरे. जन्म १९०३ चा. हुशार मुलगा, पण महाडच्या इंग्रजी शाळेने अस्पृश्य म्हणून प्रवेश नाकारला. पोराने वर्तमानपत्रात पत्र पाठवले, ते छापून आले आणि शाळेला प्रवेश द्यावा लागला. महाडच्या बाजाराला खेड्यापाड्यांतून आपली माणसे येत. दिवसभर उन्हात उभी राहत, पण घोटभर पाणी कुणी देत नसे. म्हणून त्या बाजारात आपल्याच माणसांसाठी चहाचे दुकान निघाले. चहा मिळू लागला, पाणी मिळू लागले आणि माणसे बसू लागली. तिथे बसून तरुण मोरे लोकांचे अर्ज लिहून देऊ लागले. ज्याचा अर्ज लिहिला त्याचे गाव समजले, गावातले दुःख समजले, गावात बोलण्यासारखा माणूस कोण तेही समजले. पुढे परिषदेचा निरोप गावोगाव नेणारी माणसे अशा बैठकीतूनच तयार झाली.

परिषदेच्या आधी दोन महिने कार्यकर्ते डोंगरदऱ्यांतून पायी फिरले. सभा घेतल्या, वर्गणी आणि धान्य गोळा केले. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे यांच्यासारखी स्पृश्य समाजातली भली माणसे मदतीला होती. महाडात आपल्या लोकांना पाण्याला हात लावायला बंदी, म्हणून परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. ते चाळीस रुपये त्या काळचे! ते कुणी तरी मोजून दिले, कुणी तरी मोजून घेतले आणि कुणी तरी लिहून ठेवले, म्हणून तर आज आपल्याला ठाऊक आहेत.

त्या दिवशी तळ्यावरून परतल्यावर वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा उठवून आपल्या माणसांवर लाठ्या चालवल्या गेल्या. जेवायला बसलेल्यांना मारले, अन्नात माती कालवली. परिषदेला आलेल्यांत सैन्यातले पेन्शनर होते. परत मारायचे ठरवले असते तर मारता आले असते. बाबासाहेबांनी शांत राहा म्हटले आणि माणसे शांत राहिली. एका शब्दावर एवढी माणसे थांबतात ही शिस्त एका दिवसात येते का?

आणि ओंजळीनंतर? ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने आपलाच ठराव रद्द केला. डिसेंबरात दुसरी परिषद ठरली, तर जागा कुणी देईना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. सनातन्यांनी कोर्टातून तळ्यावर जाण्याविरुद्ध मनाईहुकूम आणला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, पण कोर्टाचा मान राखून तळ्यावर जाणे तहकूब केले. परिषदेला आलेल्या स्त्रियांपुढे बाबासाहेब स्वतंत्रपणे बोलले. आणि मग सुरू झाला दावा. खालचे कोर्ट, वरचे कोर्ट, हायकोर्ट. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला. का दिला? अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादी काळापासून आहे, असे समोरच्यांचे म्हणणे होते आणि ते त्यांना पुराव्याने सिद्ध करता आले नाही. सत्याग्रहाने जे जगाला दाखवले, त्यावर कायद्याचा शिक्का बसायला दहा वर्षे लागली आणि तो बसला पुराव्यावर.

हे सारे ऐकून तो पोरगा म्हणाला, "काका, म्हणजे मोर्चा काढायचाच नाही?"

आम्ही म्हणालो, "काढायचा. पण आपल्या विहाराच्या भिंतीवर काय लिहिले आहे ते वाच. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. पहिला शब्द आपण थोडाफार पाळला. पोरे शिकली. तिसऱ्या शब्दाची घोषणा आपण घसा बसेपर्यंत देतो. मधल्या शब्दाचे काय? तो शब्द कंटाळवाणा आहे. त्यात हार नाहीत, फोटो नाहीत. त्यात वही आहे, पावती आहे, घरोघरी फिरणे आहे आणि न रागावता तेच तेच चार वेळा सांगणे आहे."

पुढच्या रविवारी आम्ही आमचा हिशेब घेऊन बसलो. घरातला जुना ट्रंक उलटापालटा करून ज्या चिठ्ठ्या सापडल्या त्यांची बेरीज तीन हजार आठशे पन्नास झाली. जमा सहा हजार दोनशे. उरले दोन हजार तीनशे पन्नास, त्यांचा पत्ता नाही. आम्ही सभेला सांगितले, "ही रक्कम आमच्याकडून येणे आहे. आम्ही भरतो." आमच्या सौभाग्यवतींनी घरी आम्हाला आधीच सांगितले होते, "पैसे गेले तर कमवू, पण आजींच्या डोळ्याला डोळा भिडला पाहिजे."

मग नव्याने काम सुरू झाले. पावतीपुस्तक छापले. खजिनदार कुणी व्हायचे? पोरांनी पुन्हा आमचेच नाव घेतले. आम्ही हात जोडले. सभेने भाजी विकणाऱ्या एका ताईंना खजिनदार केले. शिक्षण नववी, पण चाळीस गिऱ्हाइकांची उधारी तोंडपाठ. त्यांची आणि दुसऱ्या मंडळाच्या एका भाऊंची, अशा दोन सह्यांशिवाय पैसा हलायचा नाही असे ठरले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर हिशेब मोठ्याने वाचायचा, ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळेल असा, आणि मग विहाराच्या दारावर लावायचा.

कागदांचे काम त्या कुरिअरवाल्या पोराने अंगावर घेतले. नियम एकच केला, कुणाचाही मूळ कागद घराबाहेर जाणार नाही. झेरॉक्स काढायची आणि मूळ कागद त्याच पावली परत. घरटी एक फाइल झाली. रेशनकार्ड, लाईटबिल, पोरांचे शाळा सोडल्याचे दाखले, मतदारयादीतले नाव, घरपट्टीची पावती. आणि त्या आजींनी काय आणून दिले? लुगड्यात गुंडाळलेला एक पत्र्याचा डबा. त्यात त्यांच्या मालकांच्या पगारातून कापलेल्या चाळभाड्याच्या जिनिंगच्या पावत्या, एकही महिना न चुकलेल्या. आजींना अक्षर येत नाही. त्या म्हणाल्या, "मालक सांगून गेले होते, कागद फेकू नको. मी जपले. मागं तुमच्या कमिटीनं मागितले तेव्हा दिले नाहीत, ते बरंच केलं!"

आम्ही मान खाली घातली. दुसरे काय करणार?

नगरपालिकेकडच्या जुन्या नोंदींसाठी माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकला. २००५ सालचा हा कायदा गरिबाच्या फार उपयोगाचा आहे. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही लागत नाहीत, आणि साधारणपणे तीस दिवसांत माहिती द्यावी लागते. अर्ज एका आजींच्या सुनेने स्वतःच्या हाताने लिहिला. नोटिशीचे उत्तर तेराव्या दिवशी गेले. देताना मोर्चा निघाला, पोरांची हौस झाली. दोन्ही मंडळांचे झेंडे एकत्र होते. पण मोर्चातल्या प्रत्येकाला ठाऊक होते की आपण काय मागतो आहोत, आणि पुढे चालणाऱ्या ताईंच्या पिशवीत बासष्ट फायली होत्या. पोच घेतल्याशिवाय, आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कुणी हलले नाही.

मध्यंतरी एक दलाल चाळीत येऊन गेला. ज्यांचे कागद पक्के आहेत त्यांच्याशी वेगळे बोलतो म्हणाला. आजींचे कागद सर्वांत पक्के. दोन घरे मात्र अशी होती की त्यांच्याजवळ काहीच नव्हते. एकीचा नवरा गेलेला, दुसऱ्याचे घर मागे जळालेले. दलालाला आजी म्हणाल्या, "आमच्या बासष्ट घरांचं बोलणं एकच आहे. विहारात या, वहीत नाव लिहा आणि सगळ्यांसमोर बोला." तो पुन्हा आला नाही.

निकाल लागला असे आम्ही म्हणत नाही. सुनावणीच्या तारखा चालू आहेत. घरे आज उभी आहेत, उद्याचे सांगता येत नाही. कदाचित वर्ष लागेल, कदाचित दहा लागतील. पण नऊ वर्षांपूर्वीसारखे आम्ही पावसाळ्यात विरघळून जाणार नाही, एवढे आज छातीठोकपणे लिहितो. कारण आता हे काम एकट्या कुणाच्या ट्रंकेत नाही. वही विहारात आहे, फायली घराघरांत आहेत आणि हिशेब दारावर आहे.

आपल्याही गावात काही ना काही प्रश्न असेल. नळाचा असेल, स्मशानभूमीच्या वाटेचा असेल, शिष्यवृत्तीचा असेल, मजुरीचा असेल. आमची हात जोडून विनंती एवढीच की पुढारी कोण, यावरून भांडण्याआधी एक हजेरीची वही आणि एक पावतीपुस्तक आणा. पैसा सांभाळायला घरातल्या बायांना पुढे करा. गरिबाचा मूळ कागद त्याच्या घरातून हलवू नका. आणि चूक झाली असेल तर सभेत उभे राहून सांगा. थोडा वेळ मान खाली जाते, पण तुटलेली माणसे पुन्हा जवळ येतात. २० मार्च २०२७ ही चवदार तळ्याच्या ओंजळीची शताब्दी. तिला हार-तुरे तर वाहायचेच, पण आपल्या वस्तीच्या हिशेबाची वहीही तिच्यापुढे ठेवता आली पाहिजे.

जाता जाता एक सांगायचे राहिले. नव्या पुस्तकातली पहिली पावती आमच्याच नावाने फाडली गेली. रुपये दोन हजार तीनशे पन्नास फक्त, तपशील: मागील येणे बाकी. ताईंनी ती सावकाश, एकेक अक्षर लावून लिहिली आणि पुस्तक आमच्यापुढे सरकवून म्हणाल्या, "भाऊ, नीट वाचून घ्या. पुढं कुणी विचारलं तर दाखवता आली पाहिजे."

ती पावती आम्ही जपून ठेवली आहे.

जयभीम!